लालभडक असतं, लालशुभ्र नसतं: इंग्रजीतल्या ‘व्हेरी’च्या भावंडांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: “इंग्रजीत लिहिताना माझ्या प्रत्येक वाक्यात ‘व्हेरी’ येतं. ते टाळायला मी नेटवरून चाळीसेक शब्दांची यादी उतरवून पाठ केली. एक्स्ट्रीमली, हायली, अटरली, डीपली, टेरिबली, ॲब्सोल्यूटली वगैरे. यादीत सगळ्यांसमोर ‘खूप’ एवढाच अर्थ दिला होता. मग नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘आय ॲम हायली हॅपी टू अप्लाय. आय ॲम अटरली इंटरेस्टेड इन धिस वर्क अँड आय ॲम टू मच हार्डवर्किंग.’ एका ओळखीच्यांना दाखवलं तर ते हसले, पण चूक काय ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. कुठे कोणता शब्द घालायचा याचा काही नियम आहे का? आणि ‘व्हेरी मच थँकफुल’ बरोबर आहे का?”

मी गेली २२ वर्षं मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते आणि लोकांचं इंग्रजी तपासून देते. अशा याद्यांतून निघालेली वाक्यं माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येतात, त्यामुळे ते ओळखीचे का हसले ते सांगू शकते. तुमचं वाक्य इंग्रजी कानाला कसं लागतं ते मराठीत ऐका: “अर्ज करताना मी उच्च आनंदी आहे. मला या कामात ठार रस आहे आणि मी नको तितका कष्टाळू आहे.”

‘ठार रस’ ऐकून तुम्हालाही हसू आलं असेल. का आलं, ते कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात तुम्ही वाचलेलं नाही. ठार वेडा, ठार बहिरा, ठार आंधळा चालतं. ठार हुशार चालत नाही. ‘ठार’चा अर्थ पूर्णपणे, अगदी; पण तो शब्द फक्त काहीतरी नसण्याशी, बिघडण्याशी लग्न लावतो. तसंच रंगांचं. लाल असेल तर लालभडक, पिवळं असेल तर पिवळंधमक, हिरवं असेल तर हिरवंगार, काळं असेल तर काळंकुट्ट. पांढरं कापड पांढरंशुभ्र, पण भीतीनं पांढरा पडलेला चेहरा पांढराफटक. भडक, धमक, गार, कुट्ट, शुभ्र, फटक, सगळ्यांचं काम एकच, ‘खूप’ सांगणं. तरी लालशुभ्र म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

इंग्रजीतले हे शब्द याच जातीचे आहेत. प्रत्येकाची सोयरीक ठरलेली आहे. म्हणून यादी पाठ करून उपयोग होत नाही, जोड्या शिकाव्या लागतात. नियम आहेत, पुढे सांगते, पण निम्मं काम जोड्यांचं आहे हे आधी मान्य करा.

‘हायली’ घ्या. मराठीत उच्चशिक्षित म्हणतो, उच्च दमलेला म्हणत नाही. हायली एज्युकेटेड, हायली क्वालिफाइड, हायली स्किल्ड, हायली रेकमेंडेड, हायली लाइकली, हायली अनलाइकली. पात्रता, दर्जा, शक्यता, लोकांचं मत, या प्रांतात हा शब्द राहतो. शरीराला आणि मनाला जे होतं त्याच्या वाटेला तो जात नाही. हायली टायर्ड नाही, हायली टॉल नाही, हायली हॅपी तर नाहीच.

मनाला होणाऱ्या गोष्टींसाठी ‘डीपली’. डीपली सॉरी, डीपली ग्रेटफुल, डीपली हर्ट, डीपली कन्सर्न्ड. आपण गाढ विश्वास, खोल जखम म्हणतो तीच कल्पना. ‘बिटर’ म्हणजे कडू, म्हणून ‘बिटरली’ कडवट गोष्टींनाच लागतं: बिटरली डिसअपॉइंटेड, बिटरली अपोज्ड आणि बोचऱ्या थंडीसाठी बिटरली कोल्ड. ‘स्ट्राँगली’ हा मत मांडणाऱ्या क्रियापदांचा सोबती: स्ट्राँगली रेकमेंड, स्ट्राँगली ऑब्जेक्ट, स्ट्राँगली सस्पेक्ट. आणि ‘अटरली’ हा इंग्रजीतला आपला ‘ठार’. अटरली रिडिक्युलस, अटरली यूसलेस, अटरली एक्झॉस्टेड. कधीमधी कोणी कौतुकालाही वापरतं, अटरली चार्मिंग वगैरे, पण ते त्या भाषेत मुरलेल्या माणसानं करावं. तुम्ही-आम्ही अर्जात नको.

आणखी थोड्या जोड्या मराठीशी ताडून बघा, लक्षात राहायला सोप्या जातात. मिट्ट काळोख म्हणजे पिच डार्क. ठार बहिरा म्हणजे स्टोन डेफ. कोरं करकरीत म्हणजे ब्रँड न्यू. गाढ झोपलेला म्हणजे फास्ट अस्लीप. इथल्या ‘फास्ट’चा वेगाशी संबंध नाही, घट्ट रुतलेला असा त्याचा जुना अर्थ आहे. टक्क जागा म्हणजे वाइड अवेक. या शेवटच्या दोघांत एक नियमही दडलाय: अस्लीप, अवेक, अलाइव्ह, अलोन अशा ‘अ’नं सुरू होणाऱ्या विशेषणांना नुसतं ‘व्हेरी’ सहसा लागत नाही. व्हेरी अस्लीप म्हणत नाहीत. अलाइव्हला व्हेरी मच अलाइव्ह, अलोनला ऑल अलोन. सक्त मनाई ही स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड, दाट शक्यता ही हायली लाइकली, नितांत गरज असेल तर डेस्परेटली नीड. “तुला चांगलंच ठाऊक आहे” हे जरा खोचकपणे म्हणायचं असेल तर “यू नो परफेक्टली वेल”. ‘चांगलंच’मधली खोच जशीच्या तशी ‘परफेक्टली’मध्ये उतरते, मला ही जोडी फार आवडते.

आता नियमांकडे. सगळ्यात उपयोगी नियम एकच आहे आणि तो कळला की निम्म्या चुका जातात.

विशेषणं दोन प्रकारची. काहींना पायऱ्या असतात: थंड, दमलेला, मोठा, चांगला. कमी थंड, जास्त थंड असू शकतं. काही विशेषणं आधीच शिखरावर बसलेली असतात: फ्रीझिंग, एक्झॉस्टेड, एनॉर्मस, सुपर्ब, इम्पॉसिबल. पायऱ्यावाल्यांना व्हेरी, एक्स्ट्रीमली, फेअरली लागतं. शिखरावरच्यांना ॲब्सोल्यूटली, कम्प्लीटली, अटरली. व्हेरी कोल्ड, पण ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग. व्हेरी फ्रीझिंग नाही आणि ॲब्सोल्यूटली कोल्डही नाही. ओळखायचं कसं? ‘हाउ’ लावून प्रश्न विचारून बघा. हाउ कोल्ड इज इट, ठीक. हाउ फ्रीझिंग इज इट, कानाला खटकतं. ज्याला ‘किती’ विचारता येत नाही त्याला ‘व्हेरी’ लावायचं नाही.

मराठीत हा फरक होता, आता पुसट होत चाललाय. पूर्वी ‘केवळ अप्रतिम’ म्हणत, हल्ली ‘खूप अप्रतिम’ सर्रास ऐकू येतं. ज्याला तोडच नाही ते ‘खूप’ तोड नसलेलं कसं असेल? पण बोलणारा त्या हिशोबात नसतो. ‘निव्वळ अशक्य’, ‘साफ खोटं’, ‘केवळ अप्रतिम’ यातले निव्वळ, साफ, केवळ हे आपले ॲब्सोल्यूटली. तुम्ही मराठीत जिथे ‘केवळ’ किंवा ‘साफ’ म्हणाल तिथे इंग्रजीत ॲब्सोल्यूटली किंवा कम्प्लीटली, आणि जिथे ‘खूप’ तिथे व्हेरी. हे गणित दहातल्या आठ वेळा बरोबर येतं.

शिखरावरच्या शब्दांतही थोडा भेद आहे. जे भरतं, रिकामं होतं, संपतं, बदलतं, त्याला कम्प्लीटली जास्त शोभतं: कम्प्लीटली फुल, कम्प्लीटली एम्प्टी, कम्प्लीटली डिफरंट. जिथे बोलणाऱ्याचं मत आहे तिथे ॲब्सोल्यूटली: ॲब्सोल्यूटली ब्रिलियंट, ॲब्सोल्यूटली अपॉलिंग. ‘टोटली’ बोलण्यातलं, ‘एन्टायरली’ लिहिण्यातलं. आणि ‘रिअली’ दोन्ही घरी जेवतं, रिअली कोल्ड चालतं, रिअली फ्रीझिंगही चालतं. बोलताना अडलात तर रिअली म्हणा आणि पुढे चला. फक्त औपचारिक पत्रात ते जरा सैल वाटतं.

व्याकरणकारांनी या कुळाची व्यवस्थित वर्गवारी केली आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८५चं मोठं इंग्रजी व्याकरण आवाज वाढवणारे आणि आवाज कमी करणारे असे दोन गट करतं आणि पुन्हा त्यांच्या आत उपगट. तुम्हाला उपगटांची नावं नकोत. पण ‘आवाज कमी करणारे’ हे लक्षात ठेवा, कारण आपली मंडळी तिथेच जास्त घसरतात. मीही घसरले होते.

नवीन होते तेव्हा एका ब्रिटिश लेखकाचा लेख मी मराठीत आणला. लेख मला मनापासून आवडला होता. पत्रात लिहिलं, “युअर एसे इज क्वाइट गुड.” माझ्या डोक्यात ‘क्वाइट’ म्हणजे ‘चांगलाच’. त्यांचं उत्तर सभ्य आणि थंड आलं: लेख ‘ठीकठाक’ वाटल्याबद्दल आभार. तेव्हा कळलं की ब्रिटिश कानाला क्वाइट गुड म्हणजे बरा आहे, वाईट नाही. अमेरिकी माणूस तेच वाक्य बऱ्याचदा कौतुक म्हणून घेतो. त्यातही गोम अशी की शिखरावरच्या शब्दापुढे आलं की हेच ‘क्वाइट’ ब्रिटिशांकडेही ‘अगदी’ होतं: क्वाइट इम्पॉसिबल म्हणजे अगदी अशक्य, क्वाइट राइट म्हणजे अगदी बरोबर. एकच शब्द, पुढे पायरी आली तर आवाज खाली, शिखर आलं तर आवाज वर. त्या दिवसापासून कौतुकाच्या पत्रात मी क्वाइट वापरलेलं नाही.

फेअरली आणि रादरमध्येही असाच सूक्ष्म फरक. पेपर फेअरली ईझी होता म्हणजे बऱ्यापैकी सोपा, बरं झालं. पेपर रादर ईझी होता म्हणजे जरा जास्तच सोपा, कस लागला नाही. रादरमध्ये नापसंतीचा किंवा आश्चर्याचा वास असतो. ‘प्रिटी’ या दोघांपेक्षा घरगुती. मजा म्हणजे प्रिटी मूळचा ‘धूर्त, चलाख’ अशा अर्थाचा, मग सुंदर झाला, मग ‘बऱ्यापैकी’.

आता ‘टू’. आपल्याकडची सगळ्यात रुळलेली चूक. “द मूव्ही वॉज टू गुड!” हे आपण एकमेकांत म्हणतो आणि एकमेकांना कळतं, म्हणून चालून जातं. पण ‘टू’ म्हणजे मर्यादा ओलांडली, त्यामुळे काहीतरी अडलं. टू हॉट टू ड्रिंक, इतकं गरम की पिता येत नाही. टू टायर्ड टू टॉक. ‘टू’ ऐकलं की समोरचा ‘मग काय अडलं?’ याची वाट बघतो. चूक कशामुळे होते तेही सांगते. आपलं ‘फार’ दोन्ही कामं करतं. “चहा फार गरम आहे” यात चटका बसेल अशी तक्रार असू शकते आणि “फार छान झालाय” यात निखळ कौतुक. इंग्रजीनं ही दोन कामं दोन शब्दांना वाटून दिली आहेत. म्हणून लिहायच्या आधी स्वतःला विचारा, इथे ‘नको तितकं’ म्हणता येईल का? येत असेल तर टू, नाहीतर व्हेरी किंवा सो. “यू आर टू काइंड” हे शिष्टाचारातलं अपवादाचं वाक्य आहे, त्यात आपली लायकी नसताना इतका चांगुलपणा असा विनय असतो. ते तसंच ठेवा, त्यावरून नवीन वाक्यं पाडू नका. तुमचं टू मच हार्डवर्किंग तर दुहेरी चुकलंय, कारण ‘टू मच’ विशेषणापुढे येतच नाही, नामापुढे येतं: टू मच वर्क.

तुलनेच्या वेळी व्हेरी पूर्ण बाद. व्हेरी बेटर नाही. मच बेटर, अ लॉट बेटर, कन्सिडरेबली बेटर, फार बेटर. या शेवटच्यावर मी वर्गात नेहमी थांबते, कारण इंग्रजीतलं ‘फार’ आणि आपलं ‘फार’ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना इथे ते नेमके एका जागी येऊन बसलेत. “हे फार बेटर आहे” असं अर्धं मराठी बोलणारा माणूस चुकून अस्सल इंग्रजी बोलून जातो. चूक होते ती मराठीत ‘खूप चांगलं’ आणि ‘त्यापेक्षा खूप चांगलं’ या दोन्हीकडे ‘खूप’च चालतं म्हणून. सर्वोत्तमाला मात्र व्हेरी परत येतं: द व्हेरी बेस्ट. आणि बाय फार द बेस्ट.

‘मच’चा एक स्वभाव मराठीतून लख्ख कळतो. “आय डोन्ट लाइक इट मच” बरोबर आहे. “आय लाइक इट मच” खटकतं. का? आपल्या ‘फारसं’कडे बघा. “मला ते फारसं आवडत नाही” म्हणतो, “मला ते फारसं आवडतं” म्हणत नाही. काही शब्दांना नकाराची सोबत लागते. होकारी वाक्यात ‘व्हेरी मच’ करावं लागतं आणि त्याची जागा वाक्याच्या शेवटी: आय लाइक युअर आयडिया व्हेरी मच. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये ते घुसवायचं नाही. “आय लाइक व्हेरी मच युअर आयडिया” हे कुठल्याही परीक्षकाच्या लाल पेनाला आमंत्रण आहे.

जागेचा मुद्दा निघालाच आहे तर हा भाग नीट वाचा, इथे अर्थ उलटतात.

“शी इज टेरिबली गुड ॲट सिंगिंग” म्हणजे ती फारच छान गाते. “शी सिंग्ज टेरिबली” म्हणजे तिचं गाणं ऐकवत नाही. विशेषणाच्या आधी आला तर शब्द आपला मूळ अर्थ विसरतो आणि नुसता जोर देतो. क्रियापदाच्या मागे गेला की सहसा मूळ अर्थावर येतो. ऑफुली, हॉरिबली, ड्रेडफुली यांचंही हेच. ‘बॅडली’चं तर रोजचं आहे: “आय बॅडली नीड हेल्प” म्हणजे मदतीची नितांत गरज आहे, “आय डिड बॅडली” म्हणजे माझं वाईट झालं. कोणी “आय बॅडली वाँट टू जॉइन युअर टीम” लिहिलं तर ते व्याकरणानं बरोबर आहे, फक्त अर्जात अगतिक वाटतं.

रिअली आणि नकार यांची अदलाबदल याहून नाजूक. “आय रिअली डोन्ट लाइक इट”: मला ते मुळीच आवडत नाही. “आय डोन्ट रिअली लाइक इट”: मला ते फारसं आवडत नाही. एक शब्द एक घर पुढे सरकला आणि तोडून टाकणारं वाक्य सौम्य झालं. माझ्याकडे एकदा एका ग्राहकाला पाठवायच्या उत्तराचा मसुदा तपासायला आला होता. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं “तुमच्या अटी आम्हाला फारशा पटल्या नाहीत, बोलू या”. लिहिलं होतं, “वी रिअली डोन्ट ॲग्री.” तसंच गेलं असतं तर पुढचं बोलणं बहुधा वकिलांमार्फत झालं असतं.

‘नॉट व्हेरी’ हेही असंच सभ्य शस्त्र. नॉट व्हेरी गुड म्हणजे तोंडावर ‘फारसं चांगलं नाही’, मनात ‘वाईट’. आणि ‘हार्डली’ हे तर जोर देणाऱ्यांच्या रांगेत चुकून उभं राहिलेलं दिसतं म्हणून सांगते: “ही वर्क्स हार्ड” म्हणजे तो कष्ट करतो, “ही हार्डली वर्क्स” म्हणजे तो जेमतेम काही करतो. शिफारसपत्रात ही एक चूक माणसाचं करिअर बसवू शकते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी या शब्दांचा उगम सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण त्यातून पुढच्या सल्ल्याचं कारण कळतं.

‘व्हेरी’चा मूळ अर्थ ‘खरा’. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला हा शब्द, त्याच्या मुळाशी लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे सत्य. “द व्हेरी मॅन” म्हणजे ‘तोच तो माणूस’ यात तो अर्थ अजून जिवंत आहे. रिअली, ट्रूली यांचंही तेच: आधी ‘खरोखर’, मग ‘खूप’. आपलं ‘खूप’ही असंच सरकत आलंय, फारसीतल्या ‘खूब’चा अर्थ चांगलं. दुसरा मोठा झरा भीतीचा. टेरिबली, ऑफुली, ड्रेडफुली, फ्राइटफुली हे सगळे भयातून आले. विचित्र वाटतंय? “काय भयंकर सुंदर दिसत होती!” हे वाक्य आपल्याकडे किती सहज जातं ते आठवा. तिसरा झरा वेदनेचा. जर्मन भाषेतला ‘खूप’साठीचा रोजचा शब्द ‘झेअर’ मुळात ‘दुखेल असं’ या अर्थाचा, आणि इंग्रजीतला त्याचा भाऊ ‘सोअर’. बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरात मेंढपाळ ‘सोअर अफ्रेड’ होतात, म्हणजे फार घाबरतात.

असं का होतं? कारण जोर देणारा शब्द वापरून वापरून बोथट होतो. खरं, भयंकर, दुखरं, जे काही अंगावर काटा आणणारं असेल ते लोक ‘खूप’च्या कामाला जुंपतात, दोन-चार पिढ्यांत त्याची धार जाते, मग नवा शब्द येतो. जुन्या इंग्रजीत ‘स्विथे’ होतं, ते गेलं. व्हेरी आलं, टिकलं, पण बोलण्यात आता रिअली आणि सो त्याला मागे सारताहेत. एका गाजलेल्या अमेरिकी विनोदी मालिकेच्या संवादांची मोजदाद करून २००५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ‘सो’ सगळ्यांच्या पुढे होतं. ‘लिटरली’ म्हणजे ‘शब्दशः’. तेही १८व्या शतकापासून नुसत्या जोरासाठी वापरलं जातंय, आणि त्यावरून चिडणारी माणसं आजही चिडतात. बोलताना म्हणा, छापील मजकुरात टाळा. चिडणारी माणसं सहसा निवड समितीवर असतात.

म्हणून माझा सल्ला पुष्कळांना उलटा वाटतो: व्हेरीला पर्याय शोधण्याआधी व्हेरी खोडून बघा. ज्या वाक्यात खोडल्यावर काहीच कमी झालं नाही तिथे त्याची गरज नव्हती. मसुदा तपासताना मी दहा ‘व्हेरीं’पैकी सहा-सात नुसते खोडते. उरलेल्यांपैकी दोन तसेच ठेवते, कारण व्हेरी हा वाईट शब्द नाही, साधा आहे. एखाद्यालाच नवा शब्द मिळतो.

नेटवर फिरणारे ‘व्हेरी म्हणू नका, हे म्हणा’ छापाचे तक्ते याच कारणानं मला खुपतात. व्हेरी टायर्डऐवजी एक्झॉस्टेड, ठीक आहे. पण व्हेरी क्वाएटऐवजी सायलेंट? अतिशय शांत खोलीत कुजबुज असू शकते, सायलेंट खोलीत तीही नसते. व्हेरी ओल्डऐवजी एन्शंट? “माय ग्रँडमदर इज एन्शंट” असं एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, तक्त्यावर विसंबून. आजी उत्खननात सापडल्यासारखी वाटत होती.

मग जोड्या शिकायच्या कुठून? पाठांतरानं नाही, बघून. शब्दांच्या जोड्या देणारे खास शब्दकोश मिळतात, त्यात विशेषण काढलं की त्याला कोणते जोर देणारे शब्द लागतात ते दिलेलं असतं. लक्षात घ्या, शोध विशेषणापासून सुरू करायचा. “अटरली कुठे वापरू?” असं विचारू नका, “इंटरेस्टेडच्या आधी काय येतं?” असं विचारा. दुसरा मार्ग म्हणजे इंग्रजीचे मोठे संग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस सुमारे १० कोटी शब्दांचा आहे आणि अमेरिकी इंग्रजीचा कोका नावाचा संग्रह १०० कोटींच्या वर. तिथे एक शब्द टाकला की त्याच्या शेजारी प्रत्यक्षात काय काय आलंय ते मोजून दिसतं. पहिल्यांदा जरा किचकट वाटतं, अर्ध्या तासात हात बसतो. तेही नको असेल तर जे चांगलं इंग्रजी तुम्ही वाचता त्यातली जोडी दिसली की वहीत जोडीनंच उतरवा, सुटा शब्द उतरवू नका.

आता तुमचा अर्ज. पहिल्या वाक्यात आनंद सांगायची गरज नाही. “आय ॲम रायटिंग टू अप्लाय” आणि पुढे पदाचं नाव, एवढं पुरे. दुसऱ्यात “आय ॲम पार्टिक्युलरली इंटरेस्टेड इन” म्हणा आणि मग कामाचा नेमका कोणता भाग ते लिहा. पार्टिक्युलरली म्हटलं की ‘विशेषतः कशात?’ याचं उत्तर द्यावंच लागतं, त्यामुळे वाक्य आपोआप ठोस होतं. साधं व्हेरी इंटरेस्टेडही चालेल. कष्टाळूपणाला मात्र कोणतंच क्रियाविशेषण लावू नका, तो शब्दच काढा आणि त्या जागी केलेलं एखादं काम लिहा, किती दिवसांत केलं त्यासकट.

राहिलं ‘व्हेरी मच थँकफुल’. चूक म्हणून कोणी लाल रेघ मारणार नाही, पण इंग्रजीत तसं फारसं म्हणत नाहीत. थँकफुल म्हणजे बऱ्याचदा संकट टळल्याबद्दल ‘सुटलो बुवा’ वाटणं. माणसाचे आभार मानायला ग्रेटफुल बरं. त्याला नुसतं व्हेरी लावा, आणि उपकार खरंच मोठे असतील तर डीपली. ‘मच’ ठेवायचंच असेल तर ते थँक यूच्या मागे शोभतं: थँक यू व्हेरी मच.